तवक्कुल म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर केलेला प्रवास नव्हे

साथ आली की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं: "मौत लिहिली असेल तिथेच येणार." हे म्हणून बॅग भरणारा पक्क्या ईमानाचा ठरतो आणि प्रवास पुढे ढकलणारा कच्च्या ईमानाचा. हा समज दीनच्या नावाने खपवला जातो, म्हणून त्याला दीनमधूनच उत्तर द्यायला हवं.

हिजरी 18 मध्ये खलिफा हजरत उमर (रजि.) सीरियाकडे निघाले होते. सर्ग इथे त्यांना खबर मिळाली की पुढे प्लेग पसरला आहे. सल्लामसलत झाली, मतभेद झाले, शेवटी त्यांनी परत फिरायचं ठरवलं. "हे तकदीरीपासून पळणं नाही का?" असा आक्षेप हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी घेतला. उमर यांच्या उत्तराचा मतितार्थ असा की परत फिरणं हीसुद्धा अल्लाहचीच तकदीर आहे. उमर यांचं ईमान कच्चं होतं असं म्हणायची हिंमत कोणाची आहे?

तिथेच हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी प्रेषितांची (स.) शिकवण सांगितली: साथीच्या मुलखात जाऊ नका, आणि तिथेच असाल तर तिथून पळ काढू नका. पहिली अट जाणाऱ्याच्या जिवासाठी, दुसरी इतरांच्या. आपण दुसरी विसरतो. तपासणीत ताप दिसू नये म्हणून गोळी घेऊन प्रवास करणारा तवक्कुल करत नाही, शेजारच्या सीटवरच्या माणसाला फसवतो.

प्रत्येक प्रवास हौसेचा नसतो, हेही खरं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये मुंबईहून पायी गावाकडे निघालेल्या मजुरापुढे थांबण्यातही उपासमारच होती. त्याला दोष देणारे आपण कोण? पण लग्नाची दावत, उमऱ्याचं स्वस्त पॅकेज यांना त्याच तराजूत कसं तोलायचं?

त्याच वर्षी परदेशातून कोणालाही हजला जाता आलं नाही. भारतातल्या दोन लाखांहून अधिक अर्जदारांचे पैसे परत करायचं ठरलं. आयुष्यभर पै-पै साठवलेल्यांचं ते दुःख खरं होतं. पण ऐपत आणि वाटेची सलामती असेल तरच हज फर्ज होतो. रस्ता बंद असताना घरी थांबलेला म्हातारा गुनाहगार नव्हता.

म्हणून निघण्यापूर्वी "मला काही होईल का?" एवढंच विचारू नका. "माझ्यामुळे कोणाला काही होईल का?" हेही विचारा. उंट बांधा, मग भरवसा ठेवा. आणि दुसऱ्याचा उंट सोडून देऊ नका.