मॅग्नेशियमची गोळी आणि किडनीचा हिशेब

सध्या मॅग्नेशियमचे दिवस आहेत. झोप लागत नाही? मॅग्नेशियम घ्या. पायात गोळे येतात? मॅग्नेशियम. थकवा, चिडचिड, बद्धकोष्ठ, सगळ्यांवर एकच उतारा! मोबाइलवर फिरणारे हे सल्ले आता आमच्या आचोळ्यातल्या बचत गटाच्या बैठकीतही ऐकू येतात. कुणी डबी ऑनलाइन मागवते, कुणी मेडिकलमधून आणते. मी काही डॉक्टर नाही. पण बायकांच्या आरोग्याचं काम करताना एक गोष्ट सारखी जाणवते. गोळी घेण्याआधी ‘माझी किडनी कशी आहे?’ हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. आणि इथे तर तोच पहिला प्रश्न आहे.

मॅग्नेशियम काही आपला शत्रू नाही. स्नायू, नसा, हृदयाचे ठोके या सगळ्यांना ते लागतं. मोठ्या बाईची रोजची गरज साधारण साडेतीनशे मिलिग्रॅमची. नाचणी, ज्वारी, बाजरी, तीळ, शेंगदाणे, पालेभाज्या यांतून ते मिळतं. जास्त झालेलं मूत्रपिंड लघवीवाटे बाहेर टाकतं. म्हणजे हिशेब ठेवणारी किडनी. तीच थकली, की जादा मॅग्नेशियम रक्तात साचू लागतं. मग मळमळ, गळून जाणं, गुंगी, रक्तदाब उतरणं आणि फारच वाढलं तर हृदय आणि श्वास यांच्यावर परिणाम.

बाळंतपणाच्या वॉर्डात काम केलेल्या सिस्टरना हे पाठ असतं. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येतात तेव्हा मॅग्नेशियम सल्फेट देतात आणि त्याने कितीतरी आयांचे जीव वाचले आहेत. पण पुढचा डोस देण्याआधी तीन गोष्टी बघतात. गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतो का, श्वास नीट चालतो का आणि लघवी पुरेशी होते का. लघवी कमी असेल तर डोस थांबवतात. दवाखान्यात एवढी काळजी आणि घरी मात्र आपण चमच्याने ओतून घेतो!

हो, चमच्यानेच. पोट साफ होण्यासाठीचं दुधासारखं पांढरं ‘मिल्क ऑफ मॅग्नेशिया’ म्हणजे मॅग्नेशियमच. त्याच्या 15 मिलिलिटरमध्ये सुमारे 500 मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं, दिवसभराच्या गरजेपेक्षा जास्त. ते सगळं अंगात शोषलं जात नाही, हे खरं. पण थकलेल्या किडनीला थोडंही जड जातं. ॲसिडिटीच्या बऱ्याच पातळ औषधांतही मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड असतं. घरातल्या सासूबाई, आजोबा महिनोन्‌महिने ही औषधं घेतात आणि ‘साधंच तर आहे’ म्हणून डॉक्टरांना सांगतही नाहीत.

आपल्याच राज्यात असा एक पट्टा आहे, जिथे हा प्रश्न जास्तच गंभीर होतो. अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांतला पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. तिथलं भूजलच खारं. बुलडाण्यातल्या संग्रामपूर, जळगाव जामोद तालुक्यांतल्या किडनीच्या रुग्णांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो आहोत. तिथल्या बायका सांगतील, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. हा पाण्याचा जडपणा येतो कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे. मग पाण्यामुळेच किडन्या जातात का? शास्त्रज्ञांनी अजून एकच एक कारण ठरवलेलं नाही. मधुमेह, रक्तदाब, उन्हातलं काम, वेदनाशामक गोळ्या यांचाही वाटा असतो. पण जिथे आधीच किडन्या थकलेल्या आहेत, तिथे न विचारता घेतलेली गोळी जास्त धोक्याची, एवढं तर नक्की.

आपल्या भागातही बोअरचं पाणी मचूळ लागतं. 2023 च्या अखेरीस सूर्या प्रकल्पाचं जादा पाणी वसई-विरारला येऊ लागलं, तरी अनेक चाळी-सोसायट्यांचा बोअर आणि टँकर सुटलेला नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मॅग्नेशियम लिटरमागे 30 मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर 100 पर्यंत चालेल, असं म्हटलं आहे. आपल्या बोअरचा अहवाल मागायला काय हरकत आहे?

याची दुसरीही बाजू आहे. मॅग्नेशियम कमी होणंही वाईट. मधुमेहात ते लघवीतून जातं, लघवी जास्त व्हायच्या काही गोळ्यांनीही जातं. ॲसिडिटीसाठी सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या ओमेप्राझोल, पँटोप्राझोलसारख्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर ते उतरू शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2011 मध्येच दिला होता. किडनीच्या रुग्णांत कमी मॅग्नेशियम आणि रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचणं यांचं नातं दिसतं. म्हणून मग गोळ्या देऊन पाहिल्या. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात वर्षभर मॅग्नेशियम देऊनही ते साचणं मंदावलं नाही. म्हणजे कमी वाईट, जास्त वाईट आणि अंदाजाने घेणं सर्वांत वाईट.

खरी गोम पुढे आहे. सरकारी योजनांत डायलिसिस आहे. 2016 साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस बसतं. हे हवंच. पण तिथे पोचेपर्यंत किडनी गेलेली असते. आठवड्यातून दोन-तीन वाऱ्या, बुडालेली मजुरी आणि सोबत जाणारी बाई. त्याच्या अलीकडचं पाऊल कुठे आहे? तिशीपुढच्या सगळ्यांची रक्तदाब, साखर आणि तीन प्रकारच्या कर्करोगांची तपासणी सरकारी केंद्रांत होते. त्या यादीत क्रिएटिनिन नाही. किडनी बराच काळ मुकाट्याने बिघडते, अंगावर सूज येईपर्यंत कळतही नाही. मग ज्यांना बीपी किंवा साखर निघते, त्यांची किडनी तपासणी त्याच कार्डावर का लिहिली जाऊ नये? आशाताईंच्या बैठकीत, वॉर्डाच्या सभेत हे आपणच मागायला हवं.

तोवर घरात एवढं तरी करूया. बीपी, मधुमेह असणाऱ्यांनी वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्यावं. अहवालात किडनीच्या कामाचा आकडा, ईजीएफआर, 60 च्या खाली दिसला तर मॅग्नेशियमचं काहीही डॉक्टरांना विचारूनच. 30 च्या खाली असेल तर स्वतःच्या मनाने अजिबात नाही. दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या, पुड्या, चूर्णं एका पिशवीत भरून न्या आणि टेबलावर ठेवा. लाजू नका, मैत्रिणींनो. त्या पिशवीतलं काय राहील आणि काय निघेल, हे मोबाइलने नाही, आपल्या रक्ताच्या तपासणीने ठरवू दे.