फराळानंतरचा अर्धा तास

दिवाळी अंकात हा कसला विषय? ‘शुभ बोल नाऱ्या’ असं काहीजण म्हणतीलच. तरी लिहिते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, पक्षाघाताचा मोठा झटका आला. रात्री अकरा वाजता वॉर्डमध्ये डॉक्टरांनी विचारलं, “श्वास लागला तर व्हेंटिलेटर लावावा, असं त्यांना वाटलं असतं का?” अण्णांना चहात साखर किती लागते ते आम्हाला ठाऊक होतं. हे मात्र कधी कुणी विचारलंच नव्हतं. पुण्याहून नणंद फोनवर म्हणाली, “सगळं करा.” नवरा म्हणाला, “त्यांना आणखी त्रास नको.” चौथ्या दिवशी अण्णा गेले. बहीणभावातला अबोला अजून आहे.

‘वेळ आली की मुलं ठरवतील’ हा आपला मोठा गैरसमज. इंग्लंड-वेल्समध्ये ‘नेक्स्ट ऑफ किन’ला असा निर्णय घेण्याचा कायदेशीर अधिकार नाही. मेंटल कपॅसिटी ॲक्ट २००५ प्रमाणे रुग्णाला स्वतः ठरवता येत नसेल, तर त्याच्या हिताचं काय ते डॉक्टर ठरवतात. घरच्यांना विचारतात, पण शेवटचा शब्द घरच्यांचा नसतो. तो अधिकार मुलाला किंवा मुलीला द्यायचा असेल, तर आरोग्याची ‘लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नी’ करून तिची नोंदणी करावी लागते. घर-पैशांची वेगळी, आरोग्याची वेगळी. आणि ती स्वतःची समज शाबूत असतानाच करता येते. एखादा उपचार नकोच असेल, तर तसा नकार आधी नोंदवता येतो. जीव वाचवणारा उपचार नाकारायचा तर तो लेखी, सही आणि साक्षीदारासह हवा.

सही केली की उपचार थांबतात, ही भीती खोटी आहे. ‘शक्य ते सगळं करा’ हीसुद्धा इच्छाच, आणि तीही लिहून ठेवता येते. समज आहे तोवर मतही बदलता येतं.

माझं म्हणणं असं, की इस्पितळांनी हा प्रश्न रात्री अकराला नव्हे, रुग्ण बोलता-चालता असताना विचारावा. मराठीत विचारायचा तर दुभाषी बोलवावा. ते ओझं नातवंडांवर टाकू नये. पण सगळा दोष इस्पितळाला देऊन आपली सुटका नाही. घरात तरी आपण कुठे विचारतो?

ज्यांचे आईवडील भारतात आहेत, त्यांनाही वाट आहे. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी.

आणि इथे वाढलेल्या मुलांनो, आईबाबा हा विषय स्वतःहून काढणार नाहीत. तुम्हीच काढा. “तुम्हाला काय हवंय?” एवढंच विचारा आणि ऐकून घ्या. यंदा भाऊबीजेला सगळे जमाल, तेव्हा फराळाच्या ताटल्या उचलल्यावर अर्धा तास बसा.

आम्ही बसलो नाही. अण्णांना काय हवं होतं, ते आम्हाला आजही माहीत नाही.