‘रेडी’ म्हणजे नेमकं कधी?

कोसबाडच्या टेकडीच्या उतारावर सायकल सोडून देणारी पोरं पाहिली की आपल्याच पोटात गोळा येतो. ब्रेकचा पत्ता नाही, घंटीचा तर नाहीच. त्यात मुलीही असतात. सीटपर्यंत पाय न पोचणाऱ्या, मधल्या दांडीखालून पाय घालून मोठी सायकल हाणणाऱ्या. चिकूच्या वाडीतून निघून भर्रकन खाली! या मुलींना घाबरट म्हणायची कुणाची छाती आहे?

आणि याच मुली शाळेच्या क्रीडा महोत्सवात काय करतात? स्लो सायकलिंग! मुलांना ‘फास्ट’, मुलींना ‘स्लो’. जोडीला लिंबू-चमचा आणि संगीत खुर्ची आहेतच. (स्लो सायकलिंग सोपं नसतं हो, करून बघा. पण ते मुलींनाच का, हा प्रश्न उरतोच.)

गेल्या जानेवारीत याच भागातल्या एका शाळेच्या स्पर्धांना जायचा योग आला. या शाळेनं मुलींसाठीही वेगाची सायकल शर्यत ठेवली होती, म्हणून मी खूश. कार्यक्रमपत्रिकेत ती अगदी शेवटी. पाहुणे उशिरा आले, मग सत्कार, मग भाषणं. मुली सकाळपासून उन्हात उभ्या. शर्यतीची वेळ आली तेव्हा सूर्य झाडांच्या मागे आणि सगळ्यांचं लक्ष शेवटच्या एसटीकडे. ‘चला चला, उभ्या राहा पटापट,’ असं म्हणताम्हणताच शिट्टी वाजली. सहापैकी चौघी निघाल्या. एक चेनमध्ये अडकलेला फ्रॉक सोडवत होती, तिला शिट्टी ऐकूच आली नाही. दुसरीचा पाय पेडलवर पोचेपर्यंत बाकीच्या निम्म्या मैदानात. ‘पुन्हा घ्या ना,’ मी म्हटलं. ‘वेळ नाही हो ताई.’ झालं! वर्षभर वाट पाहिलेली शर्यत संपली.

तेव्हापासून ‘सुरुवात’ या गोष्टीचा नादच लागला म्हणा ना. आणि वाचता वाचता सापडलं बीएमएक्स. लहान चाकांच्या, म्हणजे २० इंची सायकलींची, मातीच्या उंचवट्यांवरून उड्या मारत जायची शर्यत. १९७०च्या आसपास कॅलिफोर्नियातल्या पोरांनी मोटोक्रॉसची नक्कल म्हणून सुरू केलेला हा खेळ २००८मध्ये बीजिंग ऑलिंपिकला पोचला. आपल्या गावाकडे असा ट्रॅक कुणी पाहिला असण्याची शक्यता कमीच. पण त्यांची सुरुवात मात्र बघण्यासारखी आहे.

उंचवट्याच्या माथ्यावर एक आडवं दार, म्हणजे गेट. त्याला पुढचं चाक टेकवून जास्तीत जास्त आठ जणी ओळीनं उभ्या. दोन्ही पाय पेडलवर, जमिनीवर एकही नाही. तोल सगळा त्या दारावर. मग रेकॉर्ड केलेला आवाज येतो, ‘रायडर्स रेडी, वॉच द गेट.’ प्रत्येक तुकडीला तेच शब्द, तोच आवाज. त्यानंतर थोडी शांतता. ती किती वेळाची, हे यंत्र ठरवतं. सेकंदाच्या दहाव्या भागापासून २.७ सेकंदांपर्यंत कितीही. म्हणजे अंदाज बांधून कुणी आधी निघायला नको. मग दिवे लागतात, भोंगे वाजतात आणि दार खाली आदळतं.

यात मला भावलं ते असं, की ‘रेडी’ आधी येतं आणि दार नंतर पडतं. घाई केली तर तोल न सावरलेली मुलगी तिथंच कोलमडणार. फार ताटकळवलं तर सगळ्यांचेच पाय थरथरणार. छोट्या ट्रॅकवर दिवसभरात तुकड्यांमागून तुकड्या सोडायच्या असतात, त्यामुळे सोडणाऱ्याचं सगळं कसब या दोन्हींच्या मधली वेळ साधण्यात. पुढची तुकडी आधीच बोलावून तयार ठेवायची; पण खाली कुणी पडलेलं असेल तर दार पाडायचं नाही. पडण्याची भीती खोटी नाही. ऑस्ट्रेलियाची साया साकाकिबारा टोकियोच्या उपांत्य फेरीत जोरात पडली होती. तिच्या भावाला तर त्याआधी २०२०मध्ये याच खेळात मेंदूला गंभीर दुखापत झालेली. त्याच सायानं २०२४मध्ये पॅरिसला सुवर्णपदक घेतलं. टोकियोची सुवर्णविजेती बेथ श्रायव्हर हिची कथा तर आपल्याकडची वाटावी. ब्रिटनमध्ये २०१७ साली पैसा फक्त पुरुष बीएमएक्सपटूंना द्यायचं ठरलं, तेव्हा हिनं शाळेत मदतनीस म्हणून अर्धवेळ नोकरी केली आणि लोकवर्गणीतून खर्च भागवला. बघा, मुलींना शेवटी ठेवायची खोड तिकडेही आहे!

पण कोसबाडमध्ये हे सगळं बोलताना मला आठवतात त्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ साली बोर्डीत सुरू झालेलं त्यांचं बालशिक्षणाचं काम पुढे या टेकडीवर आलं. पाड्यावरची मुलं घंटा वाजवून शाळेत येत नाहीत, हे त्यांनी पाहिलं. मग मुलं आळशी आहेत असं न म्हणता त्यांनी शाळाच अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. मूल जिथं आहे, तिथून त्याची सुरुवात. अशा टेकडीच्या परिसरात सहा मुलींना पाय पेडलवर ठेवायला अर्धा मिनिट मिळू नये?

‘वेळ नाही’ या उत्तराचा हिशेब मी मांडून पाहिला. समजा, २० तुकड्या आहेत. प्रत्येकीला नीट उभं राहायला अर्धा मिनिट जास्त दिला, तर होतात १० मिनिटं. एवढा वेळ तर पाहुण्यांच्या परिचयात जातो! भाषणं नंतर ठेवा, नाहीतर ठेवूच नका. सर्वांत लहान मुली सकाळी, ऊन चढायच्या आत. पुढच्या तुकडीनं झाडाखाली थांबावं, नाव पुकारल्यावर यावं. सोडताना दर वेळी तेच शब्द, आणि शिट्टी तोंडात घालण्याआधी एकेकीच्या पायांकडे एक नजर. पहिल्या चार हातांत कुणी पडली तर शर्यत पुन्हा. आणि हो, मुलींना फ्रॉक नि ओढणीत सायकलवर बसवू नका. हाफ पँट घातली म्हणून आभाळ कोसळत नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१०मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये ब्राँझ जिंकली, तेव्हा आपण सगळ्यांनी पेढे वाटले. आदिवासी पाड्यावरची आणखी कोण कोण पळू शकली असती, ते त्या शिट्टीच्या घाईत कळत नाही.

त्या दिवशी निघताना मी शिट्टीवाल्या बाईंना हे सगळं भडाभडा बोलून दाखवलं. त्याही दमलेल्या होत्या. सकाळपासून पोरींना पाणी पाजण्यापासून फक्की टाकण्यापर्यंत सगळं त्यांच्याच अंगावर होतं. शांतपणे ऐकून घेतलं आणि गळ्यातली शिट्टी काढून म्हणाल्या, ‘ताई, पुढच्या वर्षी सकाळी आठला या. ही तुमच्याच हातात देते.’

जाणार आहे.