आधी खाद्याचा हिशेब, मग एन्झाइमची पुडी

कापूस-सोयाबीनच्या जोडीला ब्रॉयलर कोंबड्यांची शेड टाकणारे आपल्या जिंतूर तालुक्यातले लोक भेटले की हमखास विचारतात, "साहेब, खाद्यात एन्झाइम टाकावं का?" आमचा उलटा प्रश्न असतो : कोणत्या खाद्यात टाकणार, ते आधी सांगा.

ब्रॉयलरच्या एकूण खर्चात खाद्याचा वाटा साधारण ६५ ते ७० टक्के असतो. त्यात २०२३-२४ पासून इथेनॉलसाठी मक्याची मागणी वाढली. त्यामुळे खाद्य वाचवणारी पुडी कोणालाही हवीशी वाटणारच. पण पुडीचा गुण समजून घेतला पाहिजे.

एन्झाइम म्हणजे पाचक विकर. ते औषध नाही की टॉनिक नाही. मका, ज्वारी, सोयाबीन पेंड यांतल्या स्फुरदाचा जवळपास दोन तृतीयांश भाग फायटेटच्या रूपात बांधलेला असतो. कोंबडीला तो फारसा पचत नाही, विष्ठेतून निघून जातो. आपण मात्र वरून डीसीपी विकत घेऊन घालतो. फायटेज नावाचे एन्झाइम ही बांधलेली गाठ सोडवते. गहू किंवा भाताचा कोंडा जास्त वापरणाऱ्यांसाठी झायलनेज हे दुसरे एन्झाइम आहे, ते कोंड्यातला चोथा फोडते.

आता हिशेब पाहा. किलोमागे ५०० युनिट या मात्रेने फायटेज घातले, तर टनभर खाद्यात साधारण एक किलो स्फुरद मोकळा होतो. म्हणजे १८ टक्के स्फुरद असलेली सुमारे साडेपाच किलो डीसीपी. तेवढी डीसीपी कमी केली तरच पैसा वाचला! जुने मिश्रण तसेच ठेवून वरून एन्झाइम घातले, तर खर्चात भर पडते, फायदा क्वचितच दिसतो. मात्र डीसीपी अंदाजाने कमी करू नका, पिलांचे पाय अधू होतील. मिश्रणाचे प्रमाण परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या पशुपोषण विभागाकडून ठरवून घ्या. चुन्याचे प्रमाणही तिथेच विचारा, कारण चुना जास्त झाला की फायटेजचे काम मंदावते.

करारावर पक्षी सांभाळणाऱ्यांनी तर जास्तच सावध राहावे. कंपनीच्या तयार खाद्यात बहुधा एन्झाइम आधीच असते. पोत्यावरची चिठ्ठी वाचा, सुपरवायझरला विचारा. दुकानदाराच्या सांगण्यावरून पाण्यात टाकायची बाटली पदरचे पैसे घालून घेऊ नका.

आणखी दोन गैरसमज आहेत. एन्झाइम घातले म्हणून कच्चे सोयाबीन चालत नाही. त्यातला प्रथिनांचे पचन रोखणारा घटक नीट भाजल्यानेच जातो. तसेच पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी किंवा बुरशीचा मका एन्झाइमने शुद्ध होत नाही. ते विष आहे, बाजूलाच काढा.

घरी खाद्य मिसळणाऱ्यांनी पुडी एकदम ढिगात ओतू नये. आधी दोन-तीन किलो भरड्यात, मग ५० किलोत आणि शेवटी सगळ्या खाद्यात कालवावी. खाद्याच्या गोळ्या पाडून घेत असाल तर उष्णता सहन करणारेच एन्झाइम घ्या, एरवी ते वाफेत मरते. आपल्याकडचा उन्हाळा ४२ अंशांच्या पुढे जातो, म्हणून पुडी पत्र्याखाली ठेवू नका. मुदत पाहूनच घ्या.

शेवटी खात्री स्वतःच करा. शेडमध्ये मधोमध जाळी लावून सारखी पिले दोन्हीकडे सोडा. एकीकडे जुने खाद्य, दुसरीकडे एन्झाइम घालून सुधारलेले. किती खाद्य गेले, किती वजन आले, किती मरतूक झाली, हे वहीत लिहा. एक किलो वजनाला किती रुपयांचे खाद्य लागले, एवढे काढा. दोन लॉट तसे करून पाहिले की पुडी ठेवायची की सोडायची, हे तुमची वहीच सांगेल. गावातल्या सहायक कृषी अधिकाऱ्यांनी आणि पशुधन पर्यवेक्षकांनी अशा वह्या ठेवायला शेतकऱ्यांना मदत करावी. एकाची वही दहा जणांच्या कामी येईल.