टेंडरातला माणूस कुठाय?

दोस्तांनो, मोर्चात घसा फाटेस्तोवर घोषणा देतो आपण. पण टेंडर किती जणांनी वाचलंय? वाचा. जातीचा धंदा आता पोथीत शोधायला नको. तो ‘कामाची व्याप्ती’ या मथळ्याखाली टाईप केलेला सापडतो.

व्याप्ती म्हणजे काय करायचं, कुठं, किती, कशानं, किती दिवसांत आणि मोजायचं कसं. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या बी-१ नमुन्यात अनुसूची ‘ब’ असते. आयटम, परिमाण, दर. मोजमाप वहीत चढतं तेवढंच काम, त्याचंच बिल. जे लिहिलं नाय ते ठेकेदार पदरमोड करून कशाला करील?

आता गटारसफाई घ्या. लांबी मीटरात, गाळ टनात. यंत्र, वायुमापक, मुखवटा, दोर यांचा आयटमच नसेल तर आत उतरणार कोण? आपलाच भाऊ! संरक्षक साधनांशिवाय माणूस गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली अशा मृत्यूची भरपाई १० लाख ठरवली, २०२३ साली ३० लाख केली. मेल्यावरचा दर ठरला, साला! जगण्याचा आयटम कुठाय?

शब्दांची चलाखीही ओळखा. मुंबईचा कचरा उचलणाऱ्यांना कागदावर ‘स्वयंसेवक’ केलं, पगाराचं ‘मानधन’ केलं. कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा २० माणसांपासून लागू व्हायचा, म्हणून कंत्राटाचे तुकडे विसाच्या आतले. कचरा वाहतूक श्रमिक संघ कोर्टात लढला. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात २७०० कामगारांच्या कायम नोकरीवर शिक्कामोर्तब झालं. म्हणजे कागदानं गायब केलेला माणूस पुन्हा कागदावर आणता येतो.

कुणी म्हणेल, ही इंजिनीअरची भाषा, आपल्याला काय करायचंय? अरे, वाचायची बंदी होती म्हणून तर पिढ्या मेल्या. आता बंदी नाय, आळस आहे. २००५ चा माहिती अधिकार कायदा कागदही बघू देतो, कामही.

मी म्हणतो, सुरक्षा नुसती ‘अट’ म्हणून नको. अटीला दर नसतो, म्हणून ती फायलीत मरते. सुरक्षा आयटम म्हणून हवी: वेगळा दर, वेगळं मोजमाप, नाही दिली तर बिलातून कपात. टेंडर निघण्याआधी ही मागणी घेऊन वॉर्ड ऑफिसात घुसा. प्रेत बाहेर काढल्यावर नव्हे.