फुटबॉलचें पीक कोठें येतें ?

शाळकरी मुलांच्या फुटबॉलची गोष्ट निघाली म्हणजे आपल्या इकडील सुशिक्षित मंडळींचें एक ठरीव उत्तर असतें. ‘तो खेळ कोल्हापूरकरांचा, फार तर गोमंतकाचा आणि मुंबईंतील मिशनरी शाळांचा. तेथल्या पाण्यांतच कांहीं तरी आहे. आमच्या नाशिक जिल्ह्यांत द्राक्षें होतील, कांदा होईल, फुटबॉल व्हावयाचा नाहीं.’ हें उत्तर देणारे गृहस्थ व्यवहारांत मोठे चतुर असतात. द्राक्षाचा वेल या गोदातटावर आपोआप उगवला नाहीं. कोणी तरी तो आणला, मांडव घातला, पाणी दिलें आणि नुकसान सोसून छाटणी शिकून घेतली, हें त्यांस पक्कें ठाऊक असतें. मुलांच्या खेळापुरते मात्र ते मातीच्या गुणावर भार टाकून मोकळे होतात. आमचा आजचा वाद या समजुतीशीं आहे.

प्रथम कोल्हापूरचीच गोष्ट घेऊं. महाराष्ट्रांत कुमारवयाच्या मुलांना फुटबॉलचें वेड सर्वांत अधिक कोठें, असें विचारल्यास त्या शहराचें नांव निर्विवाद पहिलें येईल. पण तें कां येतें, हें पाहणें अगत्याचें आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ हीं तेथील नामांकित संघांचीं नांवें. फुटबॉलच्या संघास ‘तालीम’ म्हणणारें दुसरें शहर आमच्या पाहण्यांत नाहीं. राजर्षि शाहू महाराजांनीं मल्लविद्येस आश्रय दिला, १९१२ सालीं खासबागेचें मैदान उभें राहिलें, पेठोपेठीं तालमी नांदूं लागल्या. लाल मातीवर जो पेठेचा अभिमान पोसला गेला, तोच पुढें चेंडूच्या मागें धावूं लागला. परका खेळ घरांत आला तो देशी उंबरठ्यावरून आला. विलायती खेळाची मुलांना संवय लावावी कीं लावूं नये, असा जो वाद आमच्यांतील कांहीं स्वदेशाभिमानी गृहस्थ अजून घालतात, त्याचा निकाल कोल्हापूरच्या तालमींनीं केव्हांच लावून टाकला आहे. (ज्यांस बंगालचें उदाहरण अधिक मानवतें, त्यांनीं १९११ चा मोहन बागान संघ आठवावा. गोऱ्या पलटणीच्या संघास त्यानें हरविलें तें बहुतेक अनवाणी पायांनीं.)

शाहू स्टेडियमवर सामना असला म्हणजे पेठच्या पेठ तिकडे लोटते. दहा वर्षांचा मुलगा बापाच्या किंवा थोरल्या भावाच्या बोटास धरून जातो, आपल्या तालमीचा रंग ओळखावयास शिकतो, आणि दुसऱ्या दिवशीं बोळांत तोच सामना पुन्हा खेळतो. शाळेंत त्याला कोणी फुटबॉल शिकविला नाहीं तरी पेठ शिकविते. शाळेचा संघ निवडावयाची वेळ येते तेव्हां मास्तरांपुढें निम्मा घडलेला खेळाडू उभा असतो. कोल्हापूरचें रहस्य म्हणतात तें एवढेंच. त्यांत पाण्याचा गुण कोठें दिसत नाहीं. पाहणारे डोळे, ठरलेलें मैदान आणि दरसाल ठरल्या वेळीं येणारा हंगाम या तीन गोष्टी दिसतात.

तेथें सारेंच स्तुत्य आहे असें मात्र आम्हांस म्हणावयाचें नाहीं. पेठेच्या अभिमानाचें हुल्लडबाजींत रूपांतर होऊन सामने बंद पाडण्याचे प्रसंग कोल्हापुरांत आले आहेत. चषकाच्या हव्यासानें परदेशी खेळाडू पैसे देऊन आणण्याची चालहि पडली. तो पैसा घरच्या मुलांवर खर्च झाला असता तर अधिक बरें झालें असतें. आणि एवढें वेड असूनहि मोठ्या खेळाडूंची गणती त्या मानानें थोडी. कारण वेडानें खेळाडू जन्मास येतो, पण त्यास पुढें नेण्यास पद्धतशीर शिक्षण लागतें. अनिकेत जाधव हा कोल्हापूरच्या एका रिक्षाचालकाचा मुलगा. त्याला पुण्यास बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनींत जावें लागलें, तेव्हां कोठें तो २०१७ सालच्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेंत भारताच्या वतीनें मैदानांत उतरला.

मुंबईची गोष्ट निराळी. तेथें पेठ नाहीं, शाळा आहे. आणि शाळांच्या पाठीशीं १८९३ सालीं स्थापन झालेली शालेय क्रीडासंघटना आहे. एवढ्या वर्षांचें वेळापत्रक हीच तिची पुंजी. माटुंग्याच्या डॉन बॉस्कोसारख्या शाळेंतील मुलास आपले सामने केव्हां व कोणाशीं होणार हें शाळा सुरू होतांच कळतें. गोमंतकांत हें काम चर्च आणि गांव यांनीं मिळून केलें. १८८३ च्या सुमारास शिवोलीस फादर लायन्स नांवाच्या धर्मगुरूनें हा खेळ आणला असें सांगतात. पण एका पाद्र्यानें आणलेला खेळ गांवोगांव रुजला तो भाताची कापणी झाल्यावर तींच शेतें मुलांच्या हवालीं करणाऱ्या शेतकऱ्यांमुळें. १४ लाख ५८ हजार वस्तीच्या (२०११ ची खानेसुमारी) त्या चिमुकल्या प्रदेशानें देशास ब्रह्मानंद शंखवाळकर व ब्रुनो कुतिन्हो यांसारखे खेळाडू दिले. नागपुरांत तर ना राजाश्रय ना चर्च. विजय बारसे या महाविद्यालयीन क्रीडाशिक्षकानें २००१ सालीं झोपडपट्टींतील मुलांच्या हातीं चेंडू दिला आणि ‘झोपडपट्टी फुटबॉल’ नांवाची चळवळच उभी राहिली.

आतां देशाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहूं. २०१७ च्या ज्या स्पर्धेचा वर उल्लेख केला, तींतील भारतीय संघाच्या २१ खेळाडूंपैकीं ८ एकट्या मणिपूरचे होते. कोलंबियाविरुद्ध भारताचा त्या स्पर्धेंतील एकमेव गोल करणारा जीक्सन सिंग मणिपूरचा, आणि कर्णधार अमरजित सिंग हाहि मणिपूरचाच. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें मणिपूरची वस्ती सुमारें साडेअठ्ठावीस लाख. आमच्या एकट्या नाशिक जिल्ह्याची एकसष्ट लाखांच्या वर. म्हणजे ज्या प्रांतानें राष्ट्राच्या संघाचा तिसरा हिस्सा भरून काढला, तसे दोन प्रांत आमच्या एका जिल्ह्यांत मावतात ! ते लोक धिप्पाड आहेत म्हणावें, तर तसेंहि नाहीं. ते श्रीमंत आहेत म्हणावें, तर निफाड तालुक्यांतील बागाईतदारासमोर ही गोष्ट कोणी बोलूं नये. तेथें वस्तीवस्तीस क्लब आहे, आणि मुलानें खेळांत नांव काढलें तर घरची माणसें त्यास परमुलुखांत शिकावयास धाडतात. अमरजित व जीक्सन हे दोघेहि चंदीगडच्या अकादमींत तयार झाले.

आमच्या मातींत खेळाडू होत नाहींत, या म्हणण्यास तर आमच्याच जिल्ह्यानें खोटें पाडलें आहे. हरसूलच्या परिसरांतील सावरपाड्याच्या कविता राऊत या आदिवासी मुलीनें २०१० सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांत दहा हजार मीटर धावण्याचें कांस्यपदक मिळविलें, आणि त्याच वर्षीं आशियाई स्पर्धांत रौप्यपदक. डोंगर चढण्याउतरण्याचा सराव त्या भागांतील सर्वच मुलींस असतो. पण विजेंद्रसिंग यांच्यासारखा शिक्षक नाशिकास होता म्हणून त्या सरावाचें पदक झालें. चांदवड तालुक्यांतील तळेगांव रोहीच्या दत्तू भोकनळचें उदाहरण तर चमत्कारिक वाटावें असें आहे. त्या अवर्षणाच्या मुलुखांत नौका कोठून असणार ? सैन्यांत भरती झाल्यावर त्यानें प्रथम वल्हें हातीं धरलें, आणि थोड्याच वर्षांत, २०१६ सालीं, रिओच्या ऑलिंपिकमध्यें एकेरी नौकानयनांत तो तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धांत चौघांच्या नौकेंत सुवर्णपदक. ज्या गांवीं पाण्याचाच दुष्काळ, त्या गांवचा मुलगा पाण्यावर ऑलिंपिक गांठतो. आणि गोदावरीच्या कांठीं राहणारे आम्ही मात्र ‘आमच्या पाण्यांत तो गुण नाहीं’ असें म्हणत बसतों.

मग उणें कोठें आहे ? या बाबतींत कायद्याकडे कोणी पाहत नाहीं, म्हणून तो थोडा उलगडून सांगतों. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टांत आठवीपर्यंतच्या प्रत्येक शाळेस क्रीडांगण असावें असें स्पष्ट म्हटलें आहे. खेळाचें साहित्य द्यावें असेंहि आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुलें असल्यास आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठीं निदान अंशकालीन शिक्षक नेमावा असें आहे. कायदा करणाऱ्यांनीं क्रीडांगणाची गणना वर्गखोल्या व पिण्याचें पाणी यांच्याच पंक्तींत केली आहे. आमचे शाळाचालक मात्र त्याच क्रीडांगणावर प्रथम नवी खोली बांधतात, मग सायकलींचा आडोसा, आणि उरलेल्या जागेंत झेंडावंदन. वेळापत्रकांत खेळाचा तास असतो. दहावीची परीक्षा जवळ आली म्हणजे तो गणिताकडे वर्ग होतो. पालक या अन्यायाची तक्रार करीत नाहींत. उलट मुख्याध्यापकांचे आभार मानतात!

१५ सप्टेंबर २०१७ रोजीं विश्वचषकाच्या निमित्तानें सरकारनें राज्यभर शाळाशाळांतून फुटबॉल खेळविला, चेंडू वाटले, दहा लक्ष मुलें मैदानावर आणण्याचा संकल्प सोडला. हेतु चांगला होता. पण एका दिवसाच्या उत्सवानें हंगाम होत नाहीं. चेंडू फाटतो, वेळापत्रक टिकतें.

स्पर्धांची आजची रीतहि दोषी आहे. दिल्लीची सुब्रोतो चषक स्पर्धा १९६० पासून चालू आहे, आणि तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत शाळेचा संघ तेथें पोंचूं शकतो. पण या पायऱ्या बाद पद्धतीच्या आहेत. हिशेबी वाचकांनीं आंकडे मांडून पाहावे. सोळा शाळा उतरल्या तर सारे मिळून पंधरा सामने होतात. त्यांपैकीं आठ शाळा पहिल्याच सामन्यांत घरीं जातात, आणि त्या मुलांचा वर्षाचा फुटबॉल तासाभरांत आटोपतो. मुलें चुकतात कोठें हें कळण्यापूर्वींच त्यांचा हंगाम संपलेला असतो. असा व्यापार कोणी करील काय, कीं वर्षांतून एक दिवस दुकान उघडावयाचें आणि गिऱ्हाईक आलें नाहीं म्हणून धंदा आपल्या नशिबीं नाहीं असें ठरवावयाचें ?

आमची सूचना अगदीं साधी आहे. निफाड तालुक्यांत सायखेडा, चांदोरी, कसबे सुकेणें, ओझर, पिंपळगांव, निफाड, विंचूर व लासलगांव हीं आठ गांवें घ्यावीं. प्रत्येक गांवच्या शाळांतून निवडलेला एक संघ. प्रत्येकाची प्रत्येकाशीं गांठ. अठ्ठावीस सामने होतात, दर रविवारीं चार खेळविले तर सात रविवारांत पुरे. दिवाळीनंतर आरंभ केला तर संक्रांतीच्या आंत, म्हणजे द्राक्षांची काढणी अंगावर येण्यापूर्वीं, हंगाम आटोपतो. पावसाळा टाळला जातो आणि नदीचें भयहि राहत नाहीं. पहिल्या संघास सात सामने, आणि शेवटच्या संघासहि सातच. हरणाऱ्या मुलास शिकण्याची संधि मिळते ती अशी.

जागेची अडचण सांगतील. पूर्ण मैदान १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद धरलें तर सुमारें सत्तर गुंठे लागतात, आणि आजच्या भावानें सत्तर गुंठ्यांचें नांव काढतांच सभा शांत होते हें आम्ही जाणतों. परंतु चौदा वर्षांखालील मुलांचे सात-सातचे संघ पंचवीस गुंठ्यांत उत्तम खेळतात. गांवठाणांत, गायरानांत, बाजाराच्या ओट्यामागें एवढी जागा कोठेंच नाहीं, असें म्हणणाऱ्या सरपंचांनीं एकदां गांवचा नकाशा तलाठ्याकडून मागवावा आणि कोणत्या मोकळ्या जागेवर कोणाचें अतिक्रमण आहे तें वाचून दाखवावें. २०१६ व २०१९ सालीं गोदावरीच्या पुरानें सायखेडा-चांदोरीस वेढा घातला, तेव्हां याच गांवांचे तरुण पाण्यांत उतरले. तीं माणसें आजहि येथेंच आहेत. गोलाचे चार खांब रोवणें त्यांस जड नाहीं.

मुलींविषयीं मुद्दाम वेगळें लिहितों, कारण ‘पहिल्या वर्षीं मुलगे, मुलींचें पुढें पाहूं’ हें वाक्य आम्हांस आतांच ऐकूं येत आहे. २०२२ सालीं मुलींची सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धा भारतांत झाली, नवी मुंबईसहि तिचे सामने झाले. भारताची कर्णधार अष्टम उरांव ही झारखंडांतील गुमला जिल्ह्याच्या एका खेड्यांतील मजूर कुटुंबांतली मुलगी. तिच्या संघांतील कितीतरी मैत्रिणी तशाच घरांतून आलेल्या. जें गुमल्यास साधतें तें निफाडास साधत नसेल तर दोष मुलींच्या पायांत नाहीं, आमच्या दारांत आहे. आठ गांवांचे मुलींचे आठ संघ त्याच रविवारीं त्याच मैदानावर, मुलांच्या आधीं, खेळावे. मुलींचे सामने दुपारच्या उन्हांत आणि मुलांचे सायंकाळीं, असा पंक्तिप्रपंचहि करूं नये.

खर्च चेंडूंचा, जाळ्यांचा, पंचांच्या भत्त्याचा आणि एस. टी. च्या भाड्याचा. आठ गांवांच्या बाजारपेठांतील आडते व व्यापारी यांनीं तो आपसांत वांटून घेतला तर दुकानामागें पडणारी रक्कम एका लग्नाच्या फटाक्यांहूनहि कमी होईल. चषकावर देणगीदाराचें नांव कोरावें कीं नाहीं हा वाद दुसऱ्या वर्षीं घालावा. पहिल्या वर्षीं मुख्याध्यापकांनीं गणेशोत्सवापूर्वीं एकत्र बसून सात रविवारांचें वेळापत्रक तेवढें छापावें आणि तें प्रत्येक गांवच्या चावडीवर व बाजार आवाराच्या दारावर चिकटवावें. सायखेड्याच्या व्यापारी मंडळींपैकीं जे कोणी पहिल्या सोळा संघांच्या चेंडूंचा भार उचलण्यास तयार असतील, त्यांनीं आपलीं नांवें आपल्या गांवच्या मुख्याध्यापकांकडे नोंदवावीं.