हंसविणाऱ्याचा मान



कांहीं वर्षांपूर्वीं एका शाळेच्या स्नेहसंमेलनांत परीक्षक म्हणून बसण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला होता. अभिनयाचें पहिलें बक्षीस दोघां मुलांपैकीं कोणास द्यावें, असा प्रश्न पडला. एकानें शोकांत नाटकांतील एक लांबलचक भाषण घोगऱ्या आवाजांत म्हटलें. त्याच्या डोळ्यांत पाणी होतें. ऐकणाऱ्यांपैकीं कोणाच्याहि नव्हतें. दुसऱ्यानें चाळींतील नळावरचें भांडण एकट्यानेंच पांच निरनिराळ्या आवाजांत करून दाखविलें. सारें सभागृह पोट धरधरून हंसलें. दाराशीं उभे असलेले शिपाईदादाहि भिंतीला टेकून हंसत राहिले. आणि बक्षीस आम्हीं पहिल्या मुलास दिलें ! कारण विचारल्यावर आम्हीं सांगितलें, "दुसऱ्यानें केवळ हंसविलें." तो 'केवळ' शब्द तेव्हांपासून मनांत सलत आहे. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या चित्रपट-जीवनाचा विचार करतांना तो पुन्हां बोंचूं लागला, म्हणून हा लेख.

गिरगांव, परळ, लालबाग आणि दादर या भागांतील घरांत हें नांव कोणास समजावून सांगावें लागत नाहीं. 'लक्ष्या' म्हटलें कीं पुरे. आजोबांपासून नातवापर्यंत सर्वजण त्यांचा असा एकेरी उल्लेख करतात, जणूं तो आपल्याच मजल्यावरचा मुलगा ! हें प्रेम खरें आहे, याविषयीं शंका नाहीं. परंतु प्रेम आणि मान या दोन वस्तु एक नव्हेत. आपल्या समाजानें विनोदी नटास प्रेम भरभरून दिलें, मान मात्र हात आंखडून दिला. आणि ज्या प्रेमांत मान नाहीं तें नटाला पुढें जाऊं देत नाहीं, असें आमचें मत आहे.

लक्ष्मीकांत यांचा जन्म सन १९५४ मधला. बालपण गिरगांवांत गेलें. घरची परिस्थिति बेताची; संसारास हातभार म्हणून लहानपणीं त्यांनीं लॉटरीचीं तिकिटें विकलीं. गणेशोत्सवांतील नाटकें हीच त्यांची पहिली रंगभूमि. पुढें गिरगांवांतीलच मुंबई मराठी साहित्य संघांत ते नोकरीस लागले आणि लहानसहान भूमिका करूं लागले. १९८३ च्या सुमारास पुरुषोत्तम बेर्डे यांच्या 'टुरटुर' या नाटकानें त्यांस नांव मिळवून दिलें. १९८४ सालीं 'लेक चालली सासरला' आणि १९८५ सालीं महेश कोठारे यांचा 'धूमधडाका' हे चित्रपट आले, आणि तिशींत पाऊल टाकणारा हा तरुण मराठी पडद्याचा लाडका झाला. 'दे दणादण' (१९८७), 'अशी ही बनवाबनवी' (१९८८), 'थरथराट' (१९८९), 'धडाकेबाज' (१९९०), 'झपाटलेला' (१९९३) या नांवांवरूनच त्या दिवसांची धामधूम ध्यानांत यावी.

आतां हा काळ कोणता होता, तें पाहूं. १८ जानेवारी १९८२ पासून दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला होता. सुमारें अडीच लक्ष कामगार त्यांत उतरले. तो संप रीतसर मागें असा घेतला गेलाच नाहीं; पुष्कळ कामगारांस गेलेलें काम परत मिळालें नाहीं. ज्या परळ-लालबागांत भोंग्यावर घड्याळ लावीत, तेथील घरांत थोरले बसून आणि धाकटे हिंडून, अशी अवस्था झाली. अशा वेळीं पडद्यावर एक किरकोळ अंगाचा तरुण आला. त्याच्या खिशांत पैसा नसे, डोक्यावर छप्पर नसे, हातांत नोकरी नसे. तरीहि तो रडत नसे, कांहींतरी युक्ति काढी, तींत स्वतःच फसे आणि पुन्हां उठे. लालबागच्या 'भारतमाता' चित्रपटगृहानें मराठी चित्रपटांस वर्षानुवर्षें आसरा दिला, तें याच वस्तीच्या मध्यभागीं. हंसविणें म्हणजे पोकळ करमणूक, असें म्हणणाऱ्यांनीं पगार नसलेल्या घरांतून तिकिटाचे पैसे जमवून आलेला प्रेक्षक एकदां डोळ्यांपुढें आणावा. त्याला तीन तास ताठ मानेनें हंसतां आलें, ही कांहीं थोडी सेवा नव्हे.

'बनवाबनवी' चेंच उदाहरण घ्या. सचिन यांनीं दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचें मूळ हृषीकेश मुखर्जी यांच्या 'बीवी और मकान' (१९६६) या हिंदी चित्रपटांत आहे. चौघां मित्रांस पुण्यांत राहावयास खोली मिळत नाहीं, कारण घरमालकिणीस बिऱ्हाडकरू हवेत ते जोडप्यानें राहणारे. तेव्हां दोघे मित्र स्त्रीवेष घेतात. एक सचिन आणि दुसरे लक्ष्मीकांत. स्त्रीवेष पाहून हंसूं येणें सोपें आहे. तें लुगड्याचें काम, नटाचें नव्हे. परंतु लक्ष्मीकांत यांची 'पार्वती' पाहतांना आपण हंसतों तें निराळ्या कारणानें. डोहाळजेवणाच्या प्रसंगीं बायका कौतुकानें भोंवतीं जमल्या आहेत. हा बिचारा आंतून घाबरलेला, वरून लाजत आहे, आणि आपलें बिंग फुटलें तर खोली जाईल ही धास्ती त्याच्या डोळ्यांत क्षणभरहि विसावत नाहीं. ती धास्ती खरी वाटते, म्हणूनच विनोद उभा राहतो. मुंबईंतील दहा बाय दहाच्या खोलींत वाढलेल्या मुलांस ती समजावून सांगण्याची गरज नाहीं.

'झपाटलेला' मध्यें तर त्यांच्यासमोर एक निर्जीव बाहुला होता. रामदास पाध्ये यांनीं तयार केलेल्या या बाहुल्यांत एका गुन्हेगाराचा आत्मा शिरतो, अशी कथा. बाहुला हलविणारे हात कुशल होतेच. पण लहान मुलें रात्रीं पांघरुणाबाहेर पाय काढीनात, तें केवळ त्या हातांमुळें नव्हे. समोरचा नट त्या बाहुल्याला भीत होता, म्हणून आपणहि भ्यालों. आणि त्याच्या भिण्याला हंसलोंहि. एकाच चेहऱ्यानें एकाच क्षणीं प्रेक्षकास भिवविणें आणि हंसविणें, यास 'केवळ' म्हणतां येईल काय ?

अशा नटास हिंदी चित्रपटसृष्टीनेंहि बोलाविलें. १९८९ सालच्या 'मैंने प्यार किया' पासून तेथें त्यांची ओळख झाली. परंतु 'बेटा' (१९९२) आणि 'हम आपके हैं कौन' (१९९४) या गाजलेल्या चित्रपटांत ते घरचे नोकर झाले. नोकराची भूमिका कमीपणाची आहे, असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. तीहि त्यांनीं जीव ओतून केली. परंतु आपल्या भाषेंत जो नायक, त्यास शेजारच्या दिवाणखान्यांत प्रवेश मिळे तो हातांत तबक घेऊन, ही गोष्ट मराठी माणसास खटकावयास हवी होती. ती फारशी खटकली नाहीं. 'आपला लक्ष्या हिंदींत दिसला' एवढ्यावर आपण संतुष्ट राहिलों.

याहून मोठी कसोटी १९९२ सालीं आली. डॉ. जब्बार पटेल यांचा 'एक होता विदूषक' प्रदर्शित झाला. त्यासाठीं पु. ल. देशपांडे यांनीं दीर्घ काळानंतर चित्रपटाकरितां लेखणी हातीं धरली होती. तमाशांतील एक सोंगाड्या चित्रपटांत जाऊन मोठा होतो, पुढें राजकारणाच्या भोंवऱ्यांत सांपडतो. आणि ज्यानें सर्वांस हंसविलें, त्यास स्वतःच्या लेकीच्या ओठांवर हंसूं आणणें अवघड होऊन बसतें. ही भूमिका लक्ष्मीकांत यांनीं मनापासून केली. जाणकारांनीं वाखाणली, चित्रपटास सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. पण प्रेक्षक आला नाहीं. ज्यानें 'धूमधडाका' डोक्यावर घेतला, त्यानेंच येथें पाठ फिरविली. लक्ष्मीकांत यांस याचें फार वाईट वाटलें, आणि ते पुनः आपल्या जुन्या विनोदी भूमिकांकडे वळले.

या प्रसंगीं दोन्ही बाजूंनीं चूक झाली, असें आम्हांस वाटतें. प्रेक्षकाची चूक उघड आहे: 'तूं आम्हांस हंसवावेंस, दुसरें कांहीं करूं नयेस' असा त्यानें हट्ट धरला. परंतु सुशिक्षितांची चूक अधिक सूक्ष्म आहे. लक्ष्मीकांत गंभीर झाले तेव्हां 'आतां कोठें हा नट झाला' असें ज्यांस वाटलें, त्यांच्या मतें मागील सात वर्षें तो काय करीत होता ? हंसविणाऱ्यानें रडून दाखविल्यावांचून त्यास कलावंताचा पाट मिळावयाचा नाहीं, हाच नियम आम्हीं त्या संमेलनांत लावला होता. गंभीर भूमिका करण्याचा त्यास पूर्ण अधिकार होता. पण मान मिळविण्यासाठीं त्याला ती करावी लागूं नये.

हें केवळ आपल्याकडेंच घडतें असेंहि नाहीं. अमेरिकेंत बस्टर कीटन (१८९५–१९६६) नांवाचा थोर विनोदी नट होऊन गेला. लहानपणापासून तो आईबापांबरोबर रंगमंचावर वाढला. मूकपटांच्या काळांत चेहऱ्यावरची रेषाहि न हलवितां त्यानें लोकांस हंसविलें. 'द जनरल' (१९२६) हा आगगाडीवरचा चित्रपट त्यानें अपार कष्टानें केला. तो चालला नाहीं. टीकाकारांनींहि त्यास फारसें उचलून धरलें नाहीं. १९२८ सालीं कीटन एका बड्या कंपनीच्या नोकरींत शिरला आणि चित्रपट आपल्या मनाप्रमाणें करण्याचें स्वातंत्र्य गमावून बसला. पुढें १९८९ सालीं अमेरिकेनें जपून ठेवण्याजोग्या राष्ट्रीय चित्रपटांची सूची करावयास घेतली, तेव्हां पहिल्या पंचवीस चित्रपटांत 'द जनरल' होता ! कीटनला जाऊन तेव्हां तेवीस वर्षें लोटलीं होतीं. ध्यानांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, हा मान विनोदी चित्रपटासच मिळाला. त्यासाठीं कीटनला रडावें लागलें नाहीं.

येथें कोणी म्हणेल, 'लक्ष्मीकांत यांचे पुष्कळ चित्रपट एकाच सांच्यांतले होते. त्याचा दोष प्रेक्षकावर कां?' आक्षेप खरा आहे, आणि तो झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. तेच हावभाव, तीच धांवाधांव, तोच ओरडा अनेक चित्रपटांत पुनःपुन्हां आला, आणि त्यास होकार देणारे ते स्वतःच होते. परंतु सांचा एकट्याचा नसतो. निर्मात्यास खात्रीचा धंदा हवा, प्रेक्षकास ओळखीचा लक्ष्या हवा, आणि नवें करूं पाहिलें त्या दिवशीं चित्रपटगृह रिकामें. अशा स्थितींत कितीजण नव्या वाटेनें दुसऱ्यांदा जातील? १६ डिसेंबर २००४ रोजीं मूत्रपिंडाच्या विकारानें लक्ष्मीकांत यांचें मुंबईंत निधन झालें. वय अवघें पन्नास वर्षांचें. वयस्क नटाच्या वाट्यास येणाऱ्या प्रगल्भ भूमिकांचा काळ त्यांस लाभलाच नाहीं.

त्यांचे पडद्यावरील जोडीदार अशोक सराफ हेहि दक्षिण मुंबईंतलेच, चिखलवाडीचे. त्यांस २०२३ सालचा महाराष्ट्र भूषण पुरस्कार जाहीर झाला आणि २०२५ सालीं पद्मश्री मिळाली. वाऱ्याची दिशा बदलत आहे, याचें हें चिन्ह होय. या गोष्टीचा आनंद मानतांनाच मनांत येतें कीं, सन्मानाच्या त्या पंक्तींत शेजारचा एक पाट रिकामा राहिला.

मित्रहो, तुमच्या वर्गांतहि असा एखादा मुलगा असेल. मास्तरांची हुबेहूब नक्कल करणारा, मधल्या सुट्टींत ज्याच्याभोंवतीं घोळका जमतो आणि तास सुरू होतांच जो वर्गाबाहेर उभा राहतो. शिस्त मोडल्याबद्दल त्यास शिक्षा झाली तर ती त्यानें निमूटपणें सोसावी. पण त्याच्या हंसविण्यास हलकें मानूं नका. दुसऱ्याचा आवाज ओळखण्यास कान लागतो, त्याचें व्यंग न दुखवितां दाखविण्यास मन लागतें, आणि नेमक्या क्षणीं थांबण्यास अभ्यास लागतो. टाळ्या वाजवून त्यास विसरूं नका. त्यानें तें कसें साधलें हें त्यास विचारा, त्याचें चुकलें तर सांगा, आणि एखाद्या दिवशीं तो नवें कांहीं करूं लागला तर पहिल्या रांगेंत जाऊन बसा.

आमच्यापुरतें सांगावयाचें तर, परीक्षकाच्या खुर्चींत पुन्हां बसण्याचा प्रसंग आलाच, तर 'केवळ' हा शब्द गुणपत्रिकेवर लिहावयाचा नाहीं, असा निश्चय आम्हीं केला आहे. त्या नळावरच्या भांडणाचे पांचहि आवाज आम्हांस अद्यापि आठवतात. ज्यास आम्हीं बक्षीस दिलें, त्याच्या भाषणांतील एकहि वाक्य आठवत नाहीं.